पट्ट्याची उलटी बाजू

मेलबर्नजवळच्या टार्निटला बाईंच्या घरी राहायला गेले त्या दुपारी मी फ्रीजर उघडला तो मटार ठेवायला. आत जागाच नव्हती. आइस्क्रीम नाही, पराठ्यांची पाकिटं नाहीत. हवा काढून घट्ट बंद केलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येकीत गुंडाळी करून ठेवलेलं लोकरीचं जाड कापड. लाल-हिरव्या चौकड्यांचं, निळ्या-काळ्या चौकड्यांचं. एका पिशवीतून सोनेरी झालर डोकावत होती. मटारचं पाकीट हातात धरून मी तशीच उभी राहिले.

"खालच्या कप्प्यात ठेव," बाई मागून म्हणाल्या. "वरचे तिघं इतक्यात बाहेर यायचे नाहीत. कसर आहे त्यांच्या अंगात."

कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, गोठवली की मरते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी फक्त एवढंच कळलं की या घरात कापडांना 'तिघं' म्हणतात.

बाई कऱ्हाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना मेलबर्नला आणलं. पुढे मुलाला कॅनबेराला नोकरी लागली, सून आणि नातवंडं तिकडे गेली, बाई गेल्या नाहीत. "माझं काम इथे अर्धवट आहे," असं त्यांनी मुलाला सांगितलं. त्याने बिचाऱ्याने आई एकटी नको म्हणून एक खोली भाड्याने द्यायची ठरवली, आणि जळगावहून शिकायला आलेली मी तिथे पोचले. पहिल्याच दिवशी मी त्यांना काकू म्हटलं. त्या म्हणाल्या, "काकू नको. मी कोणा काकांची बायको म्हणून इथे राहत नाही. बाई म्हण. पस्तीस वर्षं तेच ऐकलंय, कान वळतो."

त्यांचं काम म्हणजे हे पट्टे. टार्टन म्हणजे स्कॉटलंडचं चौकड्यांचं लोकरी कापड, हे सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात आलेल्या स्कॉटिश लोकांनी गावोगाव आपली मंडळं काढली होती. लॉज म्हणत त्यांना. बाई मला समजावताना म्हणाल्या, "आपली भिशी, तालीम आणि भजनी मंडळ एकत्र कर, आणि त्याला भरपूर मानपान लाव." कोणी आजारी पडला तर त्याचं घर मंडळ चालवायचं, कोणी मेला तर मंडळच त्याला मूठमाती द्यायचं. सभेला जाताना प्रत्येकाच्या अंगावर मंडळाची चिन्हं. खांद्यावरून तिरका जाणारा टार्टनचा पट्टा, गळ्यात रुंद कॉलर, छातीवर फितीचं फूल, पितळी बिल्ला. नंतर सरकारी इस्पितळं आली, पेन्शनी आल्या, मंडळं ओस पडली. हॉल विकले गेले. पट्टे माळ्यावर गेले आणि माळ्यावरून जुन्या वस्तूंच्या दुकानात.

अशाच एका ऑप शॉपमध्ये बाईंना पहिला पट्टा भेटला. सून नातवासाठी सायकल बघत होती. बाई कोपऱ्यातल्या टोपलीपाशी गेल्या. पट्ट्याला चिठ्ठी लावली होती: 'स्कॉटिश बेल्ट?'

"पट्ट्यापेक्षा ते प्रश्नचिन्ह बघून मी अस्वस्थ झाले," बाई सांगत. "विकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्याला फरक पडत नाही, आणि वस्तू बिचारी प्रश्नचिन्ह गळ्यात बांधून बसली आहे. हे काय झालं?"

आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी मला बरीच उशिरा सांगितली. कऱ्हाडला त्या रस्त्याने चालल्या तरी दोन्ही बाजूंच्या झाडाझुडपांना नावाने ओळखत. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात त्या ओढ्याकाठी फिरायला गेल्या आणि त्यांना एकही झाड ओळखता येईना. निलगिरीच्याच शेकडो जाती. "पासष्टाव्या वर्षी निरक्षर झाले गं मी," त्या म्हणाल्या. पट्ट्याचं मात्र तसं नव्हतं. तो टेबलावर स्वस्थ पडून राही आणि विचारलेलं सांगे.

मुलाला हे पटत नसे. फोनवर त्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येई. "आई, हे आपलं नाही ना पण. तुला काय करायचंय त्यांच्या लॉजशी?"

"करवंदाची जाळी तरी माझी कुठे होती?" बाई म्हणत. "मी नुसती ओळखत होते."

त्यांची ओळखायची रीत ठरलेली होती. गॅरेजमध्ये गाडी नव्हतीच. तिथे खिडकीखाली लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. हातात सुती मोजे. आधी झालर बघायची, मग टाके, मग अस्तर. मग भिंग लावून चौकड्यांतले धागे मोजायचे, सहा हिरवे, दोन पिवळे, असं पुटपुटत. मी घाईने म्हणायचे, "बाई, रंग तर आधी दिसतो."

"म्हणूनच तो शेवटी. माझी पोरं आधी फूल बघायची आणि फसायची. पान बघ, देठ बघ, पानाखाली काय आहे ते बघ."

मी नेटवर फोटो शोधून दाखवायचे. अगदी असाच पट्टा, अमक्या कुळाचं टार्टन, खाली नावसुद्धा. बाई चष्मा कपाळावर सरकवून बघत आणि म्हणत, "असाच आहे. तोच आहे असं कुठे म्हणतोय तो?" खात्री होईपर्यंत त्या नाव ठेवत नसत. चिठ्ठीवर एकच शब्द, 'अज्ञात'. भिंतीवर अज्ञातांची रांगच होती, आणि बाईंना त्याची जराही खंत नव्हती. उलट एखाद्या अज्ञाताचा उलगडा झाला की त्या दिवशी त्या थोड्या हिरमुसलेल्या वाटत.

आणि उलटी बाजू. कुठलीही वस्तू हातात आली की बाई ती आधी उलटी करत. ताटली, चादर, माझ्या कुडत्याची बाही. दुकानात इंग्रजीत अगदी अदबीने विचारत, "मे आय सी द राँग साइड, प्लीज?" दुकानातली पोरं आधी एकमेकांकडे बघत, मग 'नो वरीज' म्हणून देऊन टाकत. सुलटी बाजू लोकांना दाखवायला असते, असं बाईंचं म्हणणं. काय घडलं ते मागे असतं.

यापायी एकदा गणपतीत अनर्थ झाला. टार्निटच्या कम्युनिटी हॉलमध्ये आपल्या मंडळाचा गणपती. आरती झाली, प्रसादाची रांग लागली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईंची पैठणी बघून आमच्या बाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर उलटा करून, नाकाजवळ नेऊन त्या सहज म्हणाल्या, "यंत्रमागाची आहे." हातमागाची म्हणून ती सगळ्यांना दाखवून झाली होती. परतताना मी म्हटलं, "बाई, काय गरज होती?"

"मी वाईट कुठे म्हटलं? यंत्रमागाची म्हटलं."

त्यानंतर त्यांना मंडळातल्या बायकांकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. बाईंच्या ते लक्षातही आलं नसावं असं मला वाटायचं. पण संक्रांतीला त्यांनी तिळगूळ केला, डबा दिवसभर टेबलावर ठेवला, आणि संध्याकाळी मला म्हणाल्या, "तुझ्या कामावर घेऊन जा सगळा."

मी जुनी गाडी घेतल्यावर आमच्या भ्रमंत्या वाढल्या. टार्निटहून पश्चिमेला निघालं की नव्या वसाहतींची रांग एकदम संपते आणि मोकळं रान लागतं. मग मेंढ्या, मग एखादं गाव, एक पब, एक चर्च, पहिल्या महायुद्धाच्या सैनिकाचा पुतळा, आणि जवळपास दरवेळी एक लहानसं संग्रहालय, रविवारी दुपारी दोन-तीन तास उघडं. तशाच एका गावात आम्हाला कॉलिन भेटला.

कॉलिन सत्तरी ओलांडलेला, मेंढपाळाचा मुलगा, आता संग्रहालय सांभाळणारा स्वयंसेवक. आम्ही आत गेलो तेव्हा तो शाळकरी मुलांच्या घोळक्याला काचेच्या पेटीतला टार्टनचा पट्टा दाखवत होता. हा त्याच्या पणजोबांचा. पणजोबांच्या घराण्यात तो सरदाराचा पट्टा म्हणून चालत आलेला, स्कॉटलंडच्या डोंगरात इंग्रजांशी झालेल्या लढाईत पूर्वजाच्या अंगावर होता तो हाच. मुलं तोंडं उघडी टाकून ऐकत होती. कॉलिन गोष्ट सांगायचाही छान, तलवारीचा वार हाताने दाखवत.

बाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. गोष्ट संपली तशा त्या म्हणाल्या, "माफ करा, पण याची शिवण मशीनची आहे. त्या लढाईच्या वेळी शिलाई मशीन नव्हतं."

कॉलिन हसला. "तुम्हाला काय कल्पना असणार टार्टनची, लव्ह?"

इथले म्हातारे कोणालाही लव्ह म्हणतात, पण बाईंना ते झोंबलं. "मला उलटी बाजू बघू द्या, मी सांगते."

"पेटी उघडत नाही आम्ही."

"हा सरदाराचा पट्टा नाही. हा लॉजचा आहे. कुळाचा नाही, मंडळाचा."

एक मुलगा कॉलिनकडे वळून म्हणाला, "सो इट्स फेक?" कॉलिनचं तोंड लाल झालं. त्याने मुलांना नांगर दाखवायला पुढच्या खोलीत नेलं आणि आमच्याकडे परत बघितलं नाही.

गाडीत बसल्यावर बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मुलं जाईपर्यंत थांबायला हवं होतं मी."

"हो," मी म्हटलं.

"खोटं कोणी म्हटलं पण? मी लॉजचा म्हटलं." आणि थोड्या वेळाने, हलकेच, "त्या पैठणीसारखंच झालं का गं हे?"

मी रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं.

उन्हाळा सरला आणि एका सकाळी दारात कॉलिन. संग्रहालयाच्या वहीत बाईंनी पत्ता लिहिला होता. त्याच्या हातात उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि मागे गाडीतून सावकाश उतरत असलेली त्याची बायको मार्ज. डोक्याला रुमाल, अंगात दोन स्वेटर, आणि डोळे विलक्षण चौकस.

"मी आणलं त्याला," मार्ज म्हणाली. "मला बरी होईन असं डॉक्टर म्हणत नाहीत. म्हटलं, जायच्या आधी हे एक तरी कळू दे. चाळीस वर्षं ती लढाई ऐकतेय मी. मला कधीच खरी वाटली नाही. सासूपुढे बोलणार कोण?"

बाईंना ती एकदम आवडली. चहासुद्धा न विचारता त्यांनी मार्जला गॅरेजमधल्या टेबलाशी खुर्ची दिली आणि आपलं भिंग तिच्या हातात दिलं. माझ्या हाती त्यांनी ते कधी दिलं नव्हतं. कॉलिन दाराशी उभा राहिला, जाकिटाच्या खिशात हात घालून.

बाईंनी पट्टा चादरीवर पसरला. झालर चंदेरी, म्हणजे मंडळाचा मुख्यसुद्धा नव्हे, साधा कार्यकर्ता. छातीवरचं फितीचं फूल किंचित उचललं तर खाली जांभळी रेघ अजून गडद. बाहेर ती उडून करडी झालेली. "हा रासायनिक रंग आहे. जुन्या लढाईच्या काळात असा रंग नव्हता." मग बाईंनी पट्टा उलटा केला. मागे तपकिरी साटिनचं अस्तर.

"हे नंतरचं आहे," बाई म्हणाल्या. "टाके वेगळे आहेत. घरी बसून कोणीतरी घातलेत. उसवू का? तुमची परवानगी असेल तरच."

कॉलिनने बायकोकडे बघितलं. मार्ज म्हणाली, "गो ऑन."

एकेक टाका निघत गेला. साटिनच्या खाली काळं कापड होतं. जाड, सुरकुतलेल्या पोताचं, शोकाचं. बाईंनी हात थांबवला आणि मला मराठीत म्हणाल्या, "दुतोंडी आहे. मी वाचलं होतं, बघितला नव्हता कधी." मग इंग्रजीत त्या दोघांना सांगितलं. सभेला आणि मिरवणुकीला टार्टनची बाजू बाहेर, सभासद वारला की तोच पट्टा उलटून काळी बाजू बाहेर.

मार्ज भिंग लावून काळ्या कापडावरून हळूहळू पुढे सरकत होती. "इथे बघा," ती म्हणाली. "इथे चकाकतंय."

खांद्यावर येणारी जागा. तिथलं काळं कापड दाबून, घासून तुळतुळीत झालेलं, मधोमध धागे विरलेले. बाकी पट्टा शाबूत. बाईंनी पट्टा पलटून टार्टनची तीच जागा बघितली. तिथे लव अजून उभी होती. पुन्हा पलटला. मग कॉलिनला बोलावून, न विचारता, पट्टा त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला, काळी बाजू वर. घासलेली जागा नेमकी खांद्याच्या माथ्यावर बसली.

"चालताना पट्टा आतून घासतो, कोटाला," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "हा वरून घासलाय. आणि फक्त काळी बाजू वर असताना. म्हणजे त्या वेळी खांद्यावर वजन होतं." त्या थांबल्या. "ते खांदा देत होते."

हे त्या मराठीतच बोलल्या. कॉलिनने माझ्याकडे बघितलं. बाईंनी इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, शवपेटी उचलणारे, वाहून नेणारे, आणि मान हलवली. "आमच्याकडे याला देणं म्हणतात. खांदा देणं. द्यायचा असतो तो. तुमचे पणजोबा एकदा-दोनदा नाही, पुष्कळदा देत होते. टार्टन मिरवायला ते कमी गेले. इकडेच जास्त गेले."

मार्जने नवऱ्याचा हात धरला. "लढाईपेक्षा हे बरं नाही का, कॉल?"

कॉलिनचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. तो म्हणाला, "मग आई मला सगळं खोटं सांगत होती?"

"नाही," बाई घाईने म्हणाल्या. संग्रहालयातली चूक त्या पुन्हा करणार नव्हत्या. "तिला जे मिळालं ते तिने सांगितलं. कोणीतरी काळी बाजू साटिनने झाकली. घरात मरणाची वस्तू नको वाटली असेल. मग उरलेल्या बाजूला गोष्ट लागते ना. कोणी झाकली, का झाकली, ते मला माहीत नाही. ते अज्ञात."

त्या दिवशी ते जेवूनच गेले. मार्जला भात-वरण तेवढं गेलं. ती बाईंच्या भिंतीवरच्या अज्ञातांकडे बघत एकेकाचं विचारत राहिली, आणि बाई इतक्या आनंदाने सांगत होत्या की त्यांना कॉलेजात शिकवताना मी बघितलं नाही याचं मला वाईट वाटलं. पट्टा मार्जने बाईंकडेच ठेवून घ्यायला सांगितला, कसर मारून परत द्या म्हणून. तो फ्रीजरमध्ये गेला, माझ्या मटारच्या वर.

थंडीत मार्ज गेली. कॉलिनने फोन केला तो मी घेतला. रडला नाही. एवढंच विचारलं, की तो पट्टा घालता येईल का. काळी बाजू वर. त्याला स्वतः मार्जला उचलायचं होतं, मुलगा आणि पुतण्यांबरोबर.

मी बाईंना सांगितलं. बाई खुर्चीवर बसल्या. मोज्यांशिवाय पट्ट्याला बोट लावू न देणाऱ्या बाई. "त्या विरलेल्या जागेवरच शवपेटी येणार," त्या म्हणाल्या. "फाटेल तो."

"मग नाही म्हणू?"

"थांब जरा."

त्या गॅरेजमध्ये गेल्या. दिवसभर मी त्यांना टेबलाशी नुसतं बसलेलं बघितलं. तिन्हीसांजेला त्यांनी शिवणाच्या डब्यातून रेशमाची बारीक जाळी काढली, काळी रंगवलेली, आणि विरलेल्या धाग्यांखाली ती सरकवून केसाएवढ्या सुईने टाके घालायला बसल्या. मोजे काढून ठेवले होते. "मोज्यांनी सुई कळत नाही," मी न विचारताच त्या म्हणाल्या.

अंत्यविधीला आम्ही दोघी गेलो. गावातलं छोटं चर्च, बाहेर गार वारा. बाईंनी कॉलिनच्या कोटावर पट्टा चढवला, काळी बाजू वर, आणि खांद्यावर तो नीट बसवून दिला. त्यांची उंची पुरेना म्हणून कॉलिन जरा वाकला. मग सहा जणांनी पेटी उचलली. दारापासून गाडीपर्यंतचं अंतर थोडंच होतं, पण पायऱ्या होत्या, आणि दुसऱ्या पायरीवर कॉलिनचा तोल जरासा गेला. त्याने खांदा आवळून पेटी सावरली. बाई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

नंतर हॉलमध्ये चहा आणि सँडविच होती. कॉलिन आमच्याकडे आला. त्याने पट्टा काढून दोन्ही हातांवर आडवा धरला होता. खांद्याच्या जागी कापड फाटून बोटभर फट पडली होती, आणि तिच्यातून रेशमाची जाळी दिसत होती.

"सॉरी, लव्ह," तो म्हणाला. "इतकी जुनी वस्तू होती."

बाईंनी पर्समधून भिंग काढलं. तिथेच, चहाच्या कपांच्या टेबलावर पट्टा ठेवून त्या वाकल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. लोक बघायला लागले होते. मी म्हटलं, "बाई, घरी नेऊन नीट करू आपण."

"नाही," त्या म्हणाल्या. भिंग मिटून त्यांनी पट्ट्याची हलकी गुंडाळी केली आणि ती कॉलिनच्या हातात परत दिली. "या फटीला हात लावायचा नाही. इतकी वर्षं मी या पट्ट्यांवरची झीज बघतेय. ही पहिलीच, जी कोणाची ते मला माहीत आहे."